लिनक्समध्ये पाइपमधून पाठवलेली फाइलची नावं फाइल पुसणाऱ्या आरएम (rm) कमांडला का दिसत नाहीत?
फाइल शोधणाऱ्या फाइंडचं (find) आउटपुट पाइपने, म्हणजे ‘|’ चिन्हाने, आरएमला दिलं तरी फाइल उडत नाहीत, कारण पाइप जातो स्टँडर्ड इनपुटला (कमांड चालताना तिच्यात येणारा मजकूर) आणि नावांसाठी आरएम तिकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला आर्ग्युमेंटच, म्हणजे कमांडपुढे लिहिलेली नावंच, लागतात. मधे एक्सआर्ग्ज (xargs) ही कमांड घाला. तो इनपुट वाचून नावं पुढच्या कमांडला जोडतो.

पण जपून. ‘./लग्न फोटो’ अशी फाइल असेल तर एक्सआर्ग्जला ‘./लग्न’ आणि ‘फोटो’ अशी दोन नावं दिसतात. (माझी ‘फोटो’ नावाची भलतीच फाइल अशीच गेली.) म्हणून फाइंडला ‘-प्रिंट०’ (-print0) आणि एक्सआर्ग्जला ‘-०’ (-0) द्या, मग नावं स्पेसवर तुटत नाहीत. आधी आरएमच्या जागी नावं नुसती दाखवणारी एलएस (ls) लावून बघा. नुसतं पुसायचंच असेल तर फाइंडचा ‘-डिलीट’ (-delete) पुरे, पाइपची भानगडच नको.