दार लावून भांडलं तरी मुलांना कळतं

आमचे पैशांवरून खटके उडतात, पण मुलासमोर आवाज चढवायचा नाही हे आम्ही पहिल्यापासून पाळलंय. भांडलो की दोन-तीन दिवस अबोला असतो, एवढंच. सहा वर्षांच्या मुलाचं तीन महिने रोज सकाळी पोट दुखतं. तपासण्या नॉर्मल आहेत. शाळेत काही त्रास नाही, असं त्याच्या बाई म्हणतात. (एक आई, नाशिक)

तपासण्या आधी करून घेतल्यात हे उत्तम. आता या पोटदुखीला नाटक समजू नका. ताणामुळे आतड्यांची हालचाल बदलते आणि पोट खरंच दुखतं.

तुमच्या पत्रातल्या ‘एवढंच’पाशी मी थांबले. १९७०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळते आणि मग मिनिट-दोन मिनिटं चेहरा कोरा ठेवून नुसती बघत राहते. ती ओरडत नाही, उठून जात नाही. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, किंचाळतं, शेवटी मान फिरवतं. तुमचा मुलगा तर सहा वर्षांचा आहे. ताट जरा जोरात ठेवलं गेलं, किंवा ‘तुझ्या आईला सांग, उद्या डबा नको’ असं कुणी म्हणालं, की त्याला बिनसलंय हे कळतं. कशामुळे, ते मात्र कळत नाही. या वयात कारण सापडलं नाही की मुलं ते स्वतःकडे घेतात.

माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. पाणी हवंय का विचारलं, तर त्याने आधी आईकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि मग ‘नको’ म्हणाला. ओठ सुकलेले होते. सकाळी उठल्यापासून त्याचं हेच चालायचं, मोठ्यांचे चेहरे वाचणं. घरी असलं की लक्ष ठेवता येतं, शाळेत गेलं की नाही. सकाळच्या पोटदुखीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

भांडूच नका, असं मी सांगणार नाही. मार्क कमिंग्ज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हाच विषय अभ्यासला. मोठ्यांचं भांडण मिटलेलं दिसलं की मुलं बरीच शांत होतात. बंद दाराआड मिटलं आणि नंतर तसं सांगितलं, तरी फरक पडतो. तेव्हा मुलाकरवी निरोप पाठवत असाल, तर आजपासून बंद. आणि मिटलं की दोघांनी मिळून त्याला सांगा, “आमचं पैशांवरून वाजलं होतं. तुझ्यामुळे नव्हतं. आता मिटलंय.” शाळा बुडवू देऊ नका. महिन्याभरात फरक दिसला नाही, तर मुलांच्या समुपदेशकांना भेटा.

आठवीतल्या मुलाला मोबाइलवरून कानाखाली मारली. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. बायको म्हणते, सॉरी म्हणा. बापाने पोराची माफी मागितली तर धाक राहील का? (सांगली)

मागा, आजच मागा. धाक थोडा कमी होईलही, पण उद्या मुलगा कुठल्या अडचणीत सापडला तर तो धाकामुळे घरी येणार नाही, भरवशामुळे येईल. माफीला ‘पण’ जोडू नका. “मारलं, पण तूही...” म्हटलंत की माफी तिथेच संपली. “मी हात उचलला, चुकलं माझं. परत होणार नाही,” इतकंच बोला. मोबाइलचा नियम तसाच राहू दे, त्यावर वेगळ्या दिवशी बोला. तो ‘बरं’ म्हणून खोलीत निघून जाईल. जाऊ द्या, मागे लागू नका.

चार वर्षांच्या नातवाला मी भरवते. सून म्हणते, हाताने खाऊ द्या. दोघींच्या दोन तऱ्हांनी पोर बिघडेल का? (एक आजी, रत्नागिरी)

नाही बिघडणार, आजी. कुणाकडे काय चालतं, हे चार वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. ‘तुझ्या आईला काही समजत नाही’ हे मात्र त्याच्यादेखत कधीच म्हणू नका. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांना कुणीतरी एक भरवशाचं माणूस होतं, आणि ते पुष्कळदा आजी-आजोबांपैकी असायचं.

मी सतरा वर्षांची आहे. बाबांचं पिणं, आजीचे टोमणे, आई सगळं मलाच सांगते. मला पुण्याला शिकायला जायचंय. आईला एकटीला टाकून गेले तर मी वाईट मुलगी ठरेन का? (सातारा)

नाही गं. आईचं दुःख खरं आहे, पण ते तुझ्या एकटीच्या खांद्यावर मावणारं नाही. आईने मन मोकळं करणं चूक नाही. तिला ऐकणारं दुसरं कुणीच नसणं, ही अडचण आहे. तेव्हा तिला तोडून न बोलता दुसरी माणसं जोडून दे. मावशी असेल, जुनी मैत्रीण असेल. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो, तिथे विचारता येईल. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आईइतकाच तो तुझ्यासाठीही आहे. बाबा पिऊन अंगावर येत असतील, तर १०९८ ला फोन कर; अठरापर्यंतच्या मुलांसाठीच तो आहे.

आईला एकदा असं म्हणून बघ, “आई, बाबांबद्दल ऐकलं की मला रात्री झोप लागत नाही.” हा आरोप नाही, तिला हे ऐकवेल. कदाचित ती रडेल. शेजारी बस, पण घाबरून शब्द मागे घेऊ नकोस.

अर्जाची मुदत कधी संपते, ते तू लिहिलं नाहीस. त्याआधी भर.