के-ची बाजू कोण मांडणार?

मागच्या अंकात ‘आओई बुंगाकु’ या, जपानी साहित्यकृतींवर बेतलेल्या अ‍ॅनिमे मालिकेचा मी ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली चार पत्रं घेते.

प्रश्न : पहिला भाग लावला आणि वीस मिनिटांत बंद केला. इतकं काळंकुट्ट! पुढे सगळं असंच आहे का?

नाही. तुम्ही नेमक्या सगळ्यात खोल पाण्यात उडी मारलीत. पहिले चार भाग दाझाई ओसामु या जपानी लेखकाच्या ‘निंगेन शिक्काकु’वर आहेत. शिक्काकु म्हणजे अपात्र ठरणं. इथे थेट माणूस म्हणूनच अपात्र. ही कादंबरी 1948ची आणि त्याच वर्षी जूनमध्ये दाझाईने तामागावा कालव्यात जीव दिला. मग ती हलकीफुलकी कशी असेल? पण बारा भागांत सहा वेगवेगळ्या कथा आहेत आणि एकीचा दुसरीवाचून खोळंबा होत नाही. नवव्या भागापासून सुरुवात करा. ‘धाव, मेलोस’ दोन भागांत संपते, आणि बघून झाल्यावर झोपही लागते.

प्रश्न : यातले चेहरे ओळखीचे का वाटतात? मुलगा म्हणतो, हा तर ‘डेथ नोट’मधला!

मुलाची नजर तयार आहे. ‘निंगेन शिक्काकु’ आणि ‘कोकोरो’ची पात्रं ‘डेथ नोट’च्या ओबाता ताकेशीने रेखाटली आहेत, आंगो आणि आकुतागावा या लेखकांच्या कथांची ‘ब्लीच’च्या कुबो टाइटने, आणि मेलोसची कोनोमी ताकेशीने. मुळात शुएइशा या प्रकाशनसंस्थेने जुन्या अभिजात पुस्तकांना मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्या चित्रकारांची मुखपृष्ठं दिली. ओबाताच्या मुखपृष्ठामुळे 2007मध्ये दाझाई पुन्हा तरुणांच्या हातात गेला. त्याच कल्पनेतून 2009मध्ये मॅडहाउस या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने ही मालिका केली. ते दाझाईच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. नावातलं ‘बुंगाकु’ म्हणजे साहित्य आणि ‘आओई’ म्हणजे निळा, पण कोवळा, कच्चा, अजून न पिकलेला असाही त्याचा अर्थ होतो. मला तो दुसरा अर्थ जास्त आवडतो.

प्रश्न : मी ‘कोकोरो’ दोनदा वाचली आहे. सातवा भाग ठीक होता, पण आठव्यात त्यांनी तीच गोष्ट भलतीच करून सांगितली. सोसेकीसारख्या लेखकाशी असं वागायचा यांना काय अधिकार?

तुमचा राग मला तंतोतंत कळतो, कारण मीही तो भाग पहिल्यांदा बघून वहीत ‘हा आगाऊपणा आहे’ असं लिहून ठेवलं होतं. वही अजून आहे. ते वाक्य मात्र मी खोडलं.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नात्सुमे सोसेकीने ही कादंबरी 1914मध्ये ‘आसाही शिंबुन’ या वृत्तपत्रातून क्रमशः लिहिली. ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणवला जाणारा माणूस विद्यार्थीदशेत आपल्या मित्राला, के-ला, स्वतः राहतो त्या घरात राहायला आणतो. दोघंही घरमालकिणीच्या मुलीवर प्रेम करतात. के आपलं मन सेन्सेईपाशी उघडं करतो. सेन्सेई स्वतःचं लपवतो आणि परस्पर मुलीच्या आईकडे मागणी घालतो. के आत्महत्या करतो. अनेक वर्षांनी सेन्सेई हे सगळं एका तरुण विद्यार्थ्याला लिहिलेल्या लांबलचक पत्रात कबूल करतो.

आता बघा, हे पत्र सेन्सेईचं आहे. के-बद्दल आपल्याला जे कळतं ते सगळं, ज्याने त्याला फसवलं त्याच्याच तोंडून. के-ची स्वतःची चिठ्ठी अगदी कोरडी. मुलीचा उल्लेखच नाही. फक्त शेवटी, आधीच मरायला हवं होतं, आपण इतके दिवस का जगलो, अशा अर्थाची एक ओळ. तिसऱ्यांदा वाचाल तेव्हा त्या चिठ्ठीपाशी थांबा. सेन्सेई ती वाचतो आणि आधी काय तपासतो? त्यात आपलं नाव तर खराब झालेलं नाही ना! मित्राचं प्रेत शेजारी आहे, आणि या माणसाला आधी सुटल्यासारखं वाटतं. असल्या साक्षीदारावर आपण शंभर वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवत आलो.

सातवा भाग उन्हाळ्यात घडतो, सेन्सेईच्या बाजूने. आठवा हिवाळ्यात, के-च्या बाजूने. घर तेच, माणसं तीच, पण मुलगी वेगळी वाटते आणि ऋतूसुद्धा जुळत नाही. कोणाचं खरं, हे मालिका सांगत नाही. माझ्या मते ही सोसेकीची आज्ञा मोडणं नाही, त्याने मुद्दाम उघडी ठेवलेली खिडकी आहे. तक्रार करायचीच तर वेगळी करा : पत्र वाचणारा तो तरुण विद्यार्थी त्यांनी गाळला. पुस्तकातला माझा जीव त्याच्यातच होता.

जाता जाता, ‘कोकोरो’चं भाषांतर करताना इंग्रजीवाल्यांची पंचाईत होते, हृदय म्हणावं की बुद्धी? म्हणून ते शीर्षक तसंच ठेवतात. आपल्याकडे ‘मन’ आहे. काम झालं.

प्रश्न : आयुष्यभर स्वतःला दोष देणाऱ्या दाझाईने ‘धाव, मेलोस’सारखी मैत्रीची सरळ गोष्ट कशी काय लिहिली?

मेलोस मित्राला राजाकडे ओलीस ठेवून बहिणीच्या लग्नाला जातो आणि दिलेल्या वेळेत धावत परत येतो. गोष्ट ग्रीक, दाझाईने ती जर्मन कवी शिलरच्या कवितेवरून घेतली, 1940मध्ये. जपानी मुलं ती शाळेच्या पुस्तकात वाचतात.

पण त्याच्या चार वर्षं आधीची हकीकत ऐका. दाझाई आतामी या गावातल्या एका खानावळवजा मुक्कामात पैसे उडवून बसला. आलेल्या मित्राला, दान काझुओला, बिलापोटी तिथेच ठेवून तो तोक्योला पैसे आणायला गेला, तो आलाच नाही. शेवटी दान स्वतः शोधत तोक्योला पोचला. दाझाई आपल्या गुरूंच्या, इबुसे मासुजींच्या घरी निवांत शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळत बसला होता. दान भडकला, तेव्हा दाझाईने हळूच विचारलं, वाट पाहणाऱ्याला जास्त त्रास होतो, की वाट पाहायला लावणाऱ्याला?

गुरूंपाशी पैसे मागायला त्याची जीभच रेटली नव्हती.