बोकड, कोकरा आणि कापसाचे पैसे

प्रश्न : आमचे घर नवापूर तालुक्यातले. ख्रिस्ती होण्यापूर्वी आजोबा महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेच्या यात्रेला बोकड घेऊन जात; आमचे काही नातेवाईक आजही जातात. नंदुरबारला कॉलेजात शिकणारा माझा मुलगा विचारतो, "त्यांनी बोकड कापला तर ती अंधश्रद्धा आणि आपण येशूच्या रक्ताची गाणी गातो ती मात्र भक्ती, हे कसे? शिवाय एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या निर्दोष माणसाला फाशी देणारा न्यायाधीश चांगला कसा म्हणायचा?" मला उत्तर सुचले नाही. माझाही एक प्रश्न आहे. मंडळीतल्याच एका भावाने कापूस विकून देतो म्हणून माझे पैसे अडकवले. आता तो उभा राहून साक्ष देतो की, प्रभूने वधस्तंभावर माझे सर्व देणे फेडले. मग माझे पैसे कोणी फेडायचे?
— एक वाचक, नवापूर तालुका

उत्तर : सप्रेम सलाम. आपल्या मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, हे प्रथम सांगतो. तो प्रश्न पवित्र शास्त्रात त्याच्याही आधी विचारला गेला आहे. पन्नासाव्या स्तोत्रात देव स्वतःच विचारतो की, मी काय बैलांचे मांस खातो, की बोकडांचे रक्त पितो? आणि मीखा संदेष्टा सहाव्या अध्यायात विचारतो की, हजारो मेंढ्यांनी किंवा माझ्या अपराधाबद्दल माझा प्रथमजन्मलेला पुत्र दिल्याने परमेश्वर संतुष्ट होईल काय? तेव्हा देवाला रक्ताची भूक आहे आणि ती येशूच्या रक्ताने एकदाची भागली, असे जर कोणी आपल्या मुलाला शिकवले असेल, तर त्याने ते नाकारले हे योग्यच केले.

मग रक्त कशासाठी? लेवीय सतराव्या अध्यायात म्हटले आहे की, शरीराचे जीवन रक्तात असते आणि प्रायश्चित्तासाठी "मी ते तुम्हांला वेदीवर दिले आहे". या वाक्यातला 'मी दिले' हा भाग आपण वाचताना ओलांडून जातो. नवसात माणूस देवाला देतो. त्यात कृतज्ञता असते, सगळ्या गावाचे एकत्र जेवण असते, आणि त्याची टिंगल करण्याचा ख्रिस्ती माणसाला काही अधिकार नाही, विशेषतः ज्याच्या आजोबांनी तो बोकड श्रद्धेने नेला त्याला तर नाहीच. परंतु येथे दिशा उलटी आहे. समेटाचे साधन ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच, म्हणजे देव, पुरवतो. प्रायश्चित्ताच्या दिवशीचा विधी पाहा. लेवीय सोळाव्या अध्यायात दोन बोकड आहेत. एकाचा वध करून त्याचे रक्त दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, शिंपडतात. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून मुख्य याजक लोकांची सर्व पापे कबूल करतो आणि मग त्या बोकडाला जिवंतच रानात सोडून देतात. पापे वाहून नेणारा बोकड वेदीवर मारलाच जात नाही, ही गोष्ट आपल्या पुष्कळ उपदेशकांच्या ध्यानात नसते. तेथे पापाला शिक्षा देण्यापेक्षा पाप वस्तीतून दूर घालवण्यावर भर आहे. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याने येशूला "जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा" म्हटले, त्यात 'हरण करणारा' हा शब्द याच अर्थाने ऐकावा, आणि 'देवाचा' हाही. हा कोकरा कोणा माणसाच्या गोठ्यातला नाही. इब्री लोकांस पत्राचा लेखक तर स्पष्ट सांगतो की, बैलांच्या व बकऱ्यांच्या रक्ताने पापे दूर होऊ शकत नाहीत, आणि ख्रिस्ताचे अर्पण एकदाच झाले. म्हणून मंडळीत वेदीवर पशू येत नाही.

आता निर्दोषाला फाशी देणाऱ्या न्यायाधीशाविषयी. येथेही शास्त्र आपल्या मुलाच्या बाजूला उभे आहे. यहेज्केल अठराव्या अध्यायात म्हणतो की, मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही आणि बाप मुलाच्या अन्यायाचा वाहणार नाही. मग ख्रिस्ताने तो कसा वाहिला? माझ्या मते ही सारी अडचण आपल्या दृष्टान्तांनी निर्माण केली आहे. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपदेशात सांधेवाल्याची गोष्ट मी कितीदा ऐकली आहे, आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तर ती फारच रंगते: गाडी येत आहे, सांधेवाल्याचा लहान मुलगा रुळांत अडकला आहे, आणि बाप प्रवाशांना वाचवण्यासाठी मुलाचा जीव जाऊ देतो. ऐकणारे रडतात, पण त्या मुलाला कोणी विचारले होते काय? शुभवर्तमानातला पुत्र असा अडकलेला नाही. तो आपल्या प्राणाविषयी म्हणतो की, कोणी तो माझ्यापासून घेत नाही, तर मी होऊनच तो देतो. आणि पौल करिंथकरांस लिहितो की, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे न्यायाधीश, अपराधी आणि वाटेवरून धरून आणलेला कोणी तिसरा इसम, असे तिघे येथे नाहीतच. ज्याचे नुकसान झाले त्यानेच ते स्वतः सोसले. पैसे बुडालेला सावकार ऋणकोला माफी देतो तेव्हा ते पैसे हवेत विरत नाहीत. सावकाराच्या खिशातूनच जातात. कोणतीही खरी क्षमा क्षमा करणाऱ्याला काहीतरी किमतीला पडतेच.

अर्थात हा खुलासा संपूर्ण नाही, आणि मंडळीनेही कोणताच एक खुलासा बंधनकारक केलेला नाही. इ. स. ३२५ च्या नायसीन मतांगीकारात, म्हणजे मंडळीने ठरवलेल्या विश्वासाच्या कबुलीत, ख्रिस्त "आम्हां मानवांकरिता व आमच्या तारणासाठी" उतरला एवढेच आहे. कसे, ते नाही. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास देवाच्या सन्मानाची भरपाई हा विचार मांडला, त्यात त्याच्या काळच्या सरंजामी दरबाराची छाया आहे; सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याने न्यायालयाची भाषा वापरली; त्यांच्याही आधीचे मंडळीचे आचार्य प्रामुख्याने सैतानावर व मृत्यूवर मिळवलेल्या विजयाविषयी बोलत. सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे डाकीण ठरवलेल्या बाईला अजूनही गाव सोडावे लागते, तेथे मला हा शेवटचा विचार सर्वांत जवळचा वाटतो. जुन्या माणसांच्या साक्षी मी ऐकल्या आहेत. त्यांत 'भय गेले' हे शब्द 'दंड चुकला' यापेक्षा अधिक वेळा येतात.

आपल्या पैशांविषयी मात्र उत्तर सोपे आहे आणि त्याला ईश्वरविज्ञानाची फारशी गरज नाही. आपल्या त्या भावाने लेवीय सहावा अध्याय वाचावा. शेजाऱ्याला फसवून काही घेतले असेल, तर दोषार्पणाच्या दिवशी मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा ज्याचा त्याला परत द्यायचा. मेंढा याजकाकडे न्यायचा तो त्यानंतर. जकातदार जक्कयाने तर लुबाडलेले चौपट परत देण्याचे कबूल केले, आणि "आज या घराला तारण झाले आहे" हे येशूचे शब्द त्या कबुलीनंतरचे आहेत. पौलानेही अनेसिम या दासाबद्दल त्याचा धनी फिलेमोन याला लिहिले की, तो तुझे काही देणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी ते फेडीन. देवाने क्षमा केली आहे तेव्हा तू आता हिशेब विसर, असे त्याने लिहिले नाही. वधस्तंभावर देवाचे देणे फिटले; कापसाचे देणे आपले आहे, आणि ते माफ करायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकारही आपलाच, त्या भावाचा नव्हे. मत्तय अठराव्या अध्यायाप्रमाणे प्रथम एकट्याने भेटा. न ऐकल्यास मंडळीतले एक-दोन वडील बरोबर घ्या, आणि कापसाच्या वजनाची चिठ्ठी असेल तर तीही.