हाफ-लाइफ: सुरुवात पहिल्या भागापासूनच करा

भाऊ, तुम्ही विचारलंय की लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि हाफ-लाइफ या शूटर गेमचा पहिला भाग दिसायला फारच जुनाट वाटतो, तर थेट दुसऱ्या भागापासून खेळलं तर चालेल का. चालेल, पण तसं करू नका. आधी १९९८चाच घ्या.

त्या काळात बहुतेक शूटर गेममध्ये गोष्ट म्हणजे मधूनमधून पडद्यावर येणारा मजकूर. व्हॉल्व्ह या कंपनीने गोष्ट खेळातच मुरवली. कंपनी नवी, गेम पहिलाच, आणि इंजिन, म्हणजे गेमचा तांत्रिक पाया, क्वेक या दुसऱ्या गेमचं घेऊन त्यात भरपूर फेरफार केलेले. १९९७मध्ये गेम बाजारात यायचा होता, पण मनासारखा जमला नाही म्हणून त्यांनी बराचसा भाग मोडून नव्याने रचला. ती मेहनत जागोजागी जाणवते. सुरुवातीला ब्लॅक मेसामधून, म्हणजे जिथे पुढे दुर्घटना होते त्या संशोधन केंद्रातून, ट्राम जाते तेव्हा एकही गोळी झाडायची नसते. तिथे घाई करू नका, खिडकीबाहेर नीट बघत राहा. जे काही घडतं ते गेमचा नायक गॉर्डन फ्रीमन याच्याच डोळ्यांनी दिसतं, आणि तो स्वतः एक शब्दही बोलत नाही.

‘ब्लास्ट पिट’ हा भाग तर माझ्या मते आजही शिकवण्यासारखा आहे. रॉकेट इंजिनाच्या चाचणीची खोल विहीर, आणि तिच्यातून वर आलेले तीन प्रचंड शुंड, म्हणजे टोकाला चोच असलेले सोंडेसारखे प्राणी. त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. पळालात की चोच आपटलीच तुमच्यावर. म्हणून वाकून हळू चालायचं, लांब ग्रेनेड फेकायचा आणि शुंड त्या आवाजाकडे वळले की तेवढ्यात निसटायचं. हातातल्या बंदुकांनी ते मरत नाहीत. इंधन, ऑक्सिजन आणि वीज सुरू करून वरचं इंजिनच पेटवावं लागतं. हे सगळं तुम्हाला कुणी पाटी लावून सांगत नाही, खेळता खेळता उमगतं. म्हणूनच यूट्यूबवर उत्तर शोधू नका, अगदी अडलात तरी थोडा दम धरा. आणि एक विनंती, हेडफोन लावूनच खेळा. आपल्याकडे मे महिन्यात कूलरची घरघर एवढी असते की स्पीकरवर निम्मे आवाज कळतच नाहीत, आणि इथे आवाजच महत्त्वाचा.

शेवटचा झेनचा, म्हणजे परग्रहासारख्या दुसऱ्या जगातला, भाग मात्र कमकुवत आहे. उड्या मारमारून कंटाळा येतो. तो कसाबसा पार करा. ब्लॅक मेसा नावाने चाहत्यांनी अख्खा गेम नव्याने केलाय, २०२०मध्ये पूर्ण झाला, आणि त्यातलं झेन खरंच सुरेख आहे. पण त्याला चांगलं मशीन लागतं, तुमच्या लॅपटॉपला झेपणार नाही. मूळ गेमला २०२३मध्ये, पंचवीस वर्षं झाली म्हणून, मोठं अपडेट आलं, त्यामुळे रुंद स्क्रीनवर तो आता नीट चालतो. शिवाय इतका हलका आहे की पारा ४५च्या वर गेला तरी लॅपटॉप फारसा तापत नाही. माउस मात्र हवाच, टचपॅडवर हा खेळ होत नाही. एफ-६ने सेव्ह आणि एफ-७ने लोड, हे सुरुवातीलाच हाताला लावून घ्या.

मग २००४चा दुसरा भाग. सुरुवातीच्या कालव्यांमध्ये एक फळी आडवी टाकलेली आहे. एका टोकावर विटा ठेवल्या की दुसरं टोक उचललं जातं आणि चढून जाता येतं. वस्तूंना वजन आहे, हे एवढ्याशा जागेत शिकवून ठेवलंय. पुढे वस्तू ओढून फेकणारी ग्रॅव्हिटी गन हाती येते, रेव्हनहोम या झॉम्बींच्या गावात करवतीची पाती उचलून त्यांच्यावर फेकता येतात, तेव्हा त्या विटांचं महत्त्व कळतं. ग्राफिक्स सेटिंग कमी ठेवलीत तर साध्या लॅपटॉपवरही बहुधा निभावेल.

त्यानंतर दुसऱ्या भागाची गोष्ट पुढे नेणारे एपिसोड वन आणि टू, याच क्रमाने. टू २००७चा आहे आणि अगदी मोक्याच्या जागी थांबतो, याची तयारी ठेवा. अ‍ॅलिक्स या मालिकेतल्या नंतरच्या गेमला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचा पडदा) लागतो, सध्या सोडून द्या. त्याऐवजी पहिल्या भागानंतर त्याचाच जोडभाग ऑपोझिंग फोर्स खेळा. तीच दुर्घटना त्यात ब्लॅक मेसात उतरलेल्या एका सैनिकाच्या बाजूने बघायला मिळते, आणि तो तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल.