पॅगोडा स्ट्रीटवर पॅगोडा शोधू नका (सिंगापूर, पाच दिवस, आईबाबांसह)

तुमचा प्रश्न मला असा समजला: आईबाबांना घेऊन पाच दिवस सिंगापूरला जायचंय, आई पक्क्या शाकाहारी, आणि ऑफिसातले सगळे सांगताहेत की ‘दोन दिवसांत संपतं ते. काचेच्या इमारती, मॉल, आणि चायनाटाऊन-लिटल इंडिया म्हणजे पर्यटकांसाठी मांडलेला देखावा.’ मग पाच दिवस करायचं काय?

मी तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा टूरबरोबर गेले तेव्हा माझंही मत तुमच्या ऑफिसातल्यांसारखंच झालं होतं. पुढच्या दोन्ही वेळा भाचीकडे उतरले, अंग मो किओच्या सरकारी वसाहतीत, बाराव्या मजल्यावर. तेव्हा कुठे ते शहर थोडंफार कळलं. मरीना बे, गार्डन्स बाय द बे, विमानतळावरचा चाळीस मीटरचा धबधबा, हे सगळं बघाच. आईबाबांना आवडेल. पण त्यावर मी लिहीत बसत नाही.

देखाव्याचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. चायनाटाऊनच्या पॅगोडा स्ट्रीटवर कंदील, पंखे, फ्रिजवर चिकटवायचे सिंह, असा सगळा जत्रेचा माल. पण त्या रस्त्याला नाव कशावरून पडलं माहितीये? तिथे पॅगोडा नाहीच. कोपऱ्यावर मारिअम्मन देवीचं देऊळ आहे, १८२७ मध्ये स्थापन झालेलं, सिंगापुरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ. त्याच्या गोपुरालाच लोक पॅगोडा म्हणत. त्याच ओळीत, एक चौक पुढे, तमिळ मुसलमानांची जामे मशीद. म्हणजे ‘चायनाटाऊन’ हे नावच अर्धवट आहे.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत तेलोक आयेर स्ट्रीटला न्या. आज जवळच बँकांचे टॉवर आहेत, पण एके काळी समुद्र या रस्त्याला लागून होता. पुढचं सगळं भर घालून केलेलं. गलबतातून उतरलेला माणूस पहिल्यांदा इथे पाय ठेवायचा आणि सुखरूप पोचलो म्हणून आपापल्या देवाला हात जोडायचा. चिन्यांसाठी समुद्रदेवी माझूचं थिआन हॉक केंग, नागपट्टणकडच्या मुसलमानांसाठी नागोर दर्गा, पलीकडे अल-अब्रार मशीद, सगळं एकाच पट्टीत. बाबांना समुद्र कुठे होता ते समजावून सांगा, मग तो रस्ता दिसायला लागतो.

आता मुद्द्याचं. तिथलं ‘मिळून मिसळून राहणं’ आपोआप झालेलं नाही, हे लक्षात ठेवून बघा. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी रॅफल्स उतरला आणि थोड्याच वर्षांत इंग्रजांनी नकाशा काढून चिनी इकडे, मलय-अरब तिकडे, तमिळ पलीकडे, अशा वस्त्या आखल्या. आज आपण ज्यांना चायनाटाऊन आणि कंपाँग ग्लाम (मलय-अरबांची वस्ती) म्हणून बघायला जातो, ती याच वाटणीची खूण. जुलै १९६४ मध्ये मलय-चिनी दंगली झाल्या, पुढच्या वर्षी सिंगापूर मलेशियापासून वेगळा देश झाला, आणि नव्या देशाच्या सरकारनं उलटा डाव मांडला. आज दहातले आठ लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात, आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय किती टक्के असावेत याचा कोटा आहे. कोटा भरला की त्या वंशाच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या वंशाचा मालक घर विकू शकत नाही. भाचीच्या शेजारचे तमिळ अंकल याच कारणानं वैतागले होते. गिऱ्हाईक चिनी मिळत होतं आणि चिन्यांचा कोटा भरलेला. मला ऐकून धक्काच बसला. आपल्याकडे सोसायटीत अमुक लोकांना घर देत नाहीत ते गुपचूप, आणि इथे सरकारच कागदावर मोजतंय! पण मोजतात ते वेगळं ठेवायला नाही, एकत्र ठेवायला. हे बरोबर की चूक यावर माझा आणि भाचीच्या नवऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही. (भाड्याच्या घरासाठी त्यांनाही दोन ठिकाणी ‘इंडियन नको’ ऐकावं लागलंय. म्हणजे कोट्यानं सगळंच सुटतं असं नाही.)

म्हणून माझा आग्रह की एक संध्याकाळ अशा एखाद्या वसाहतीत काढा. मेट्रोनं अंग मो किओ नाहीतर तोआ पायोहला उतरायचं आणि नुसतं फिरायचं. इमारतींचा तळमजला मोकळा असतो, त्याला ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. आपल्या चाळीच्या चौकाचं काम तो करतो. मी एका शनिवारी पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे: एका इमारतीखाली मलय लग्न, बिर्याणीचे हंडे, ढोल, आणि समोरच्या इमारतीखाली चिनी आजोबांचं सुतक, पांढरा मांडव, रात्रभर बसलेले नातेवाईक. कोणी कोणाला आवाज कमी करा म्हणालं नाही. निदान माझ्या देखत तरी नाही.

खाण्याचं. हॉकर सेंटरला (एका छपराखाली खाण्याचे बरेच ठेले) आईंना न्याच, घाबरू नका. पाटीवर 素 असं चिनी अक्षर दिसलं की तो शाकाहारी बौद्ध ठेला, बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नाही. इतर ठेल्यांवर ‘फक्त भाजी’ मागितली तरी तिच्यात कोळंबीची चटणी (बेलाचान) असू शकते, तेव्हा तिथे नकोच. आणि कॉफीची ऑर्डर देऊन बघा, बाबांना मजा वाटेल: ‘कोपी ओ कोसोंग’. कोपी मलय, ‘ओ’ म्हणजे होक्किएन या चिनी बोलीत काळी, कोसोंग म्हणजे मलयमध्ये रिकामी, म्हणजे बिनसाखरेची. नुसतं ‘कोपी’ म्हणालात तर आटवलेल्या गोड दुधाची मिळते, मधुमेहींनी सांभाळा. ठेलेवाल्याला ‘अंकल’ म्हणायचं, तो चिनी असो की मलय.

माझी फजिती सांगते, तुमची होऊ नये म्हणून. मॅक्सवेल हॉकर सेंटरला भर दुपारी एक रिकामं टेबल दिसलं, वर टिश्यूचं पाकीट. कोणीतरी विसरलं म्हणून मी ते उचलून पर्समध्ये टाकलं आणि ऐसपैस बसले. पाच मिनिटांत तीन ऑफिसवाल्या पोरी ट्रे घेऊन समोर उभ्या! तिथे टिश्यूचं पाकीट म्हणजे आपल्या एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो. ट्रे ठेवायच्या मांडण्याही दोन असतात, एक हलालची, एक इतरांची. चुकू नका.

लिटल इंडियात रविवारी संध्याकाळी गर्दीनं चालता येत नाही. ती गर्दी पर्यटकांची नाही. शहर बांधणारे तमिळ आणि बांगलादेशी कामगार सुट्टीला तिथे येतात. त्यांची राहायची सोय कडेच्या मोठ्या वसतिगृहांत, वर सांगितलेल्या कोट्यात ते कुठे बसतच नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे एक भारतीय कामगार बसखाली सापडून गेला आणि दंगल पेटली होती. आईबाबांना गर्दीचा त्रास असेल तर दुसऱ्या दिवशी जा, पण तुम्ही स्वतः एकदा रविवारीच जा.

धोबी घाट हे स्टेशन नावापुरतं बघायला मी उतरले आणि मग कळलं की जवळच्या कॅथे इमारतीत २१ ऑक्टोबर १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली होती. तुमचे बाबा त्यातले असतील तर त्यांना इथे थोडा वेळ द्या. माझ्या वडिलांना न्यायचं राहिलं.

तिथून चालत वॉटर्लू स्ट्रीट. याच गल्लीत एक ज्यू प्रार्थनागृह आहे, क्वान यिन देवीचं मोठं चिनी देऊळ आहे, आणि त्याला लागून श्रीकृष्णाचं. चिनी भक्त आपल्या देवळातून निघाले की शेजारी कृष्णापुढेही उदबत्त्या लावून जातात. मी उभी होते तेव्हा एका चिनी आजींनी माझ्या हातात दोन उदबत्त्या दिल्या आणि कुठे खोचायच्या ते बोटानं दाखवलं. मला वाटतं त्यांना वाटलं असावं, हिला काही इथलं माहीत दिसत नाही.

छत्री रोज बरोबर ठेवा. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ फाटल्यासारखा कोसळतो आणि तासाभरात ऊन.