वाचकांचे प्रश्न : मांडवीतले हिशेब परदेशी द्यावेत का?

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी बडोद्यात कॉमर्समध्ये पीएचडी करते. छोट्या दुकानांत क्यूआर आणि यूपीआय आल्यावर उधारीचं काय झालं, हा माझा विषय. मांडवी ते लहेरीपुरा दरवाजा या पट्ट्यातल्या ८६ दुकानांचे हिशेब मी वर्षभर फिरून उतरवून घेतले. आता युरोपातल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापकांची मेल आली आहे. ब्राझीलच्या एका विद्यापीठाबरोबर ते डिजिटल व्यवसायांवर प्रकल्प करताहेत आणि भारताचा भाग मला द्यायचा म्हणतात. सहा महिने तिकडे जाताही येईल. पण सगळी एक्सेल शीट आधी पाठवा, करार मागाहून करू, असं त्यांचं म्हणणं. माझे गाइड म्हणतात, पाठवून दे, अशी संधी पुन्हा येत नाही. बाबांचं भांड्यांचं दुकानही त्या ८६ मध्ये आहे. काय करू?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : शीट पाठवू नकोस. संधीही सोडू नकोस. दोन्ही एकाच वेळी जमतं, फक्त क्रम बदलायला हवा.

तुला 'तू' म्हणते, कारण तुझ्याच वयाच्या मुलामुलींना मी ३१ वर्षं शिकवलं. आणि तुझ्या जागी मी एकदा उभी होते. २००४ च्या मे महिन्यात, परदेशातून आलेल्या एका अभ्यासगटासाठी, मी आणि माझे नऊ विद्यार्थी खंडेराव मार्केटच्या परिसरात दारोदार फिरलो. २४० फॉर्म भरून घेतले, जागच्या जागी मोजून दिले. करार नव्हता, नुसता विश्वास होता. दीड वर्षाने निबंध छापून आला, तेव्हा शेवटच्या ओळीत 'स्थानिक साहाय्याबद्दल आभार' एवढंच होतं. माझं नाव नाही याचं वाईट वाटलंच, पण ते विसरता आलं. विसरता आला नाही तो एक फळवाला. मी दिसले की विचारायचा, "बेन, पेला फॉर्मनुं शुं थयुं?" (बाई, त्या फॉर्मचं काय झालं?) त्याला दाखवायला माझ्याकडे एक कागदही नव्हता. पुढे मी त्या बाजूने जाणंच टाळू लागले.

म्हणून तुला आधी हे सांगते : तुझ्याकडे काय आहे ते नीट ओळख. त्यांना आकडे हवेत असं तुला वाटतंय. आकडे त्यांना कुठूनही मिळतील. आपलं यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, ते बँकांनी मिळून उभ्या केलेल्या एनपीसीआय या संस्थेचं. ब्राझीलचं पिक्स नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, ते थेट तिथल्या मध्यवर्ती बँकेने चालवलेलं. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे, ते मोबाइल कंपनीचं. पैसे पाठवण्याचं काम एकच, पण मालक तीन प्रकारचे. किती दुकानांनी क्यूआर लावला, किती व्यवहार झाले, हे या सगळ्यांच्या आकडेवारीत सापडतं. मात्र महिनाअखेरीला चोपड्यात, म्हणजे हिशेबाच्या वहीत, कुणाच्या नावापुढे किती बाकी राहिली, हे कुठल्याच सर्व्हरवर नाही. ते तुझ्या ८६ चोपड्यांत आहे.

ब्राझीलमध्येही दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधार देतो, त्याला 'फियादो' म्हणतात. तर मग विचार की : हातातल्या हातात पैसे मिळायला लागल्यावर मांडवीतली उधारी आणि तिकडची फियादो यांचं सारखंच झालं का? इथे बँक दुकानदाराच्या खात्यातली उलाढाल बघून त्याला कर्ज देऊ लागली, पण तो स्वतः गल्लीतल्या बाईला दिवाळीपर्यंत उधार देईनासा झाला, असं तर झालं नाही ना? हा प्रश्न तुझा आहे. तो प्रकल्पाच्या आराखड्यात, तुझ्या नावाने, पहिल्या पानांत आला पाहिजे. प्रश्न आपला नसला तर आपण नुसते फॉर्म भरून देणारे राहतो. मी राहिले.

आपल्या गावात हे एकदा फार चांगल्या रीतीने झालेलं आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला आणलं. कशासाठी आणायचं ते महाराजांनी आधीच ठरवलं होतं : राज्यभर मोफत वाचनालयं. बॉर्डननी इथल्या माणसांना शिकवायचा वर्ग काढला आणि १९१३ मध्ये ते परत गेले. काम थांबलं नाही, ग्रंथपाल कुडाळकरांनी ते पुढे चालवलं. त्याच १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. येणारा आणि जाणारा, दोघांचं काम इथे ठरलेलं होतं. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय तुझ्या रोजच्या वाटेवर असेल, एकदा आत जाऊन ये.

आता कागदांचं. दोन विद्यापीठांतल्या नुसत्या एमओयूवर, म्हणजे सामंजस्य करारावर, विसंबू नकोस. त्यावर कुलगुरूंची सही होते, फोटो निघतो, पण आकडे कुणाचे हे त्यात सहसा नसतं. प्रकल्पाचा वेगळा करार आणि माहिती देण्याघेण्याचा वेगळा करार माग. त्या प्राध्यापकांना राग येणार नाही. युरोपात २०१८ पासून माहिती-संरक्षणाचा कडक कायदा आहे, जीडीपीआर, आणि युरोपातलं विद्यापीठ भारतातल्या माणसांची माहिती हाताळतं तेव्हाही तो त्याला लागू होतो. त्यांच्या एथिक्स समितीची (संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि कराराचा मसुदा पाठवा, असं साध्या दोन ओळींत लिही. 'मागाहून करू' हे त्यांनाच अडचणीचं आहे.

दुकानांची नावं काढून टाकली की झालं, असंही समजू नकोस. आपल्या बाजारात 'तांब्यापितळेचं दुकान, तिसरी पिढी, दोन गाळे' एवढं लिहिलं तरी कोण ते अख्ख्या मांडवीला कळतं. आणि त्या ८६ जणांनी चोपडा उघडला तो तुझ्यासाठी, तुझ्या पीएचडीसाठी. दुसऱ्या देशात पाठवायला त्यांनी हो म्हटलेलं नाही. पुन्हा जा. गुजरातीत एक पानी पत्रक कर, वाचून दाखव, मग सही घे. जो नाही म्हणेल त्याची ओळ शीटमधून काढ, त्याची दुकानदारी बिघडता कामा नये.

निबंधावरची नावं आत्ताच ठरवा. क्रेडिट नावाची एक पद्धत आहे, तिच्यात संशोधनातल्या १४ भूमिका वेगवेगळ्या मांडल्या आहेत : कल्पना कुणाची, माहिती कुणी जमवली, विश्लेषण कुणी केलं, वगैरे. कोण काय करणार ते त्या तक्त्यात भरून सगळ्यांना मेल कर. पैशांचंही विचार. संशोधनाला पैसा देणाऱ्या युरोपच्या हॉरायझन योजनेतून भारतीय संस्थेला आपोआप निधी मिळत नाही, तेव्हा तुझा खर्च कुणाच्या खात्यातून ते लेखी हवं. आपल्या सरकारची २०१८ पासूनची स्पार्क योजना अशाच भागीदाऱ्यांसाठी आहे. तिथे अर्ज करता येईल का, हे गाइडना विचार. ते तुझं भलंच बघताहेत, त्यांना सोबत घेऊनच हे कर.

तिकडे सहा महिने जरूर जा. पण त्यांच्यातल्याही कुणीतरी सहा आठवडे इथे यावं, असं करारात घाल. सकाळी दुकान उघडताना आणि रात्री गल्ला मोजताना जो मांडवीत बसला नाही, त्याला तुझी शीट वाचता येणार नाही.

बाबांचं दुकान मात्र यादीतून काढ. त्यांची उधारी कुणाकडे अडकली आहे हे तुला घरातलं म्हणून माहीत आहे, आणि ते बाजूला ठेवून तुला त्यांचे आकडे पाहता येणार नाहीत. त्याऐवजी नवं गुजराती पत्रक आधी त्यांना वाचून दाखव. जिथे ते अडतील, तिथे उरलेले ८५ ही अडतील.