वर्गात अ‍ॅनिमेशन, सिम्युलेशन दाखवल्याने मुलांना खरंच जास्त कळतं का? कोणती वापरावीत?

नुसती दाखवून नाही कळत. मी नववीला विज्ञान शिकवते आणि याच मुद्द्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, टीव्हीवर अ‍ॅनिमेशन लावलं की मुलं शांत बसतात आणि धडा वेळेत संपतो.

'धाराविद्युत' त्यांनी तसाच संपवला. पुढे तो वर्ग माझ्याकडे आला. मी फळ्यावर एक सेल आणि एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकामागोमाग एक, दोन सारखे बल्ब काढले, विचारलं, जास्त कुठला उजळेल? बहुतेक मुलं म्हणाली, पहिला. त्यात वीज खर्च होते, दुसऱ्याला उरलेली मिळते! आणि हे अ‍ॅनिमेशन बघून झाल्यावर.

मग मी फेट (PhET) या संकेतस्थळावरचं सर्किटचं सिम्युलेशन उघडलं, म्हणजे मुलांना स्वतः जोडण्या बदलून बघता येतील असं. आधी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावला, तोही पेनानेच. माउस एका मुलीच्या हातात दिला. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा बल्ब, धारा मोजणाऱ्या अ‍ॅमीटरवर ०.९० अँपिअर. तसाच दुसरा बल्ब जोडला, ०.४५. अ‍ॅमीटर बल्बांच्या आधी, मध्ये, नंतर, कुठेही लावला तरी ०.४५च, म्हणजे दोन्ही बल्ब सारखेच उजळणार. मागून एकाने विचारलं, "मग मॅडम, खर्च काय होतं?" उरलेला तास ऊर्जा आणि धारा यांतल्या फरकावर गेला आणि तो सत्कारणी लागला.

दुसऱ्या दिवशी खरे सेल आणि टॉर्चचे बल्ब आणले. पहिला बल्ब किंचित जास्त उजळला, तशी मुलं ओरडली, "बघा!" मी बल्बांची अदलाबदल करायला लावली. मंद होता तो पहिल्या जागीही मंदच राहिला. दोष बल्बात होता, जागेत नव्हता, हे मुलांनीच सांगितलं.

तर वापरा फेटच. नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प आहे. फुकट आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही.

एक मात्र मुलांना सांगाच. फेटच्या तारांत इलेक्ट्रॉन म्हणून धावताना दिसतात ते निळे गोळे खरे समजू नका. घरच्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे सरकत नाहीत. पेशीविभाजनासारख्या धड्याला अ‍ॅनिमेशन चांगलंच, फक्त मध्ये थांबवून पुढे काय होईल ते विचारा.

आणि "यात वेळ जातो" असं कोणी ऐकवलं, तर त्यांना टीव्ही बंद करून स्वतःच्या वर्गाला तो दोन बल्बांचा प्रश्न विचारायला सांगा.